एकच नायिका, सगळ्या जॉबच्या गोष्टी

'फायनल फँटसी १४' या ऑनलाइन गेममधल्या जॉबच्या, म्हणजे पात्राच्या लढण्याच्या प्रकारांच्या, गोष्टींबद्दल लिहिते आहे, आणि स्पॉयलर आहेत हे सांगूनच सुरुवात करते. खाली बऱ्याच गोष्टींचे शेवट उघडे पडणार आहेत. डार्क नाइटची गोष्ट ज्यांना कोरी हवी आहे त्यांनी तो भाग सोडून पुढे जावं.

'फायनल फँटसी १४' खेळणाऱ्या चौघांना "कुठल्या जॉबची स्टोरी सगळ्यात भारी?" असं विचारलं, तर तिघं डोळे झाकून डार्क नाइट म्हणतात आणि चौथा वाद घालायचा म्हणून दुसरं काहीतरी म्हणतो. आमच्या पार्टीत ती चौथी मी होते. मी व्हाइट मेज, म्हणजे साथीदारांना बरं करणारी हीलर. माझ्या जॉबची गोष्ट मला आवडायची, आणि डार्क नाइटचं कौतुक ऐकून कान किटले होते. आमचा टँक, म्हणजे सगळ्यांपुढे उभा राहून शत्रूचे घाव झेलणारा, मुरलेला खेळाडू. एकदा तो म्हणाला, "तू खेळली आहेस का ती? नाही ना? मग कशाच्या जोरावर भांडतेस?" बोलणं रास्त होतं. तेव्हाच ठरवलं की सगळे जॉब खेळायचे, प्रत्येकाची गोष्ट क्वेस्टमागून क्वेस्ट, म्हणजे गेमने दिलेल्या कामामागून काम, वाचायची आणि मगच तोंड उघडायचं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. २०१० मध्ये आलेली याची पहिली आवृत्ती साफ फसली. मग नाओकी योशिदा यांच्या टीमने तो जवळपास मुळापासून बांधला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये 'अ रेल्म रीबॉर्न' या नावाने परत आणला. यात एकाच पात्राला सगळे जॉब शिकता येतात. हातातलं शस्त्र बदललं की जॉब बदलतो. तलवार-ढाल घेतली की टँक, काठी घेतली की हीलर. 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक'मध्ये (२०११) आठ क्लासच्या आठ गोष्टी आहेत, पण त्या पाहायला आठ वेगळी पात्रं करावी लागतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या 'लीजन'मध्ये (२०१६) बारा क्लासना बारा दालनं आणि बारा मोहिमा होत्या, तिथेही तेच. तिथे तुम्ही आठ किंवा बारा माणसांची तुलना करता. इथे माणूस एकच असतो. उलदा, लिम्सा, इशगार्ड ही गेममधली शहरं. माझी नायिका उलदाच्या राजरक्षकांकडून शपथ शिकते, लिम्साच्या चोरांबरोबर जहाजांवर घुसते आणि इशगार्डमध्ये कायद्याबाहेरच्या योद्ध्याची तलवार उचलते. यातलं कुणीही तिला विचारत नाही की बाई, काल तू कुठे होतीस?

हा प्रश्न माझ्या डोक्यात अगदी सुरुवातीला आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. कुठल्या गोष्टीला मी कोण आहे हे माहीत आहे, आणि कुठल्या गोष्टीला मी फक्त त्या जॉबचा रिकामा सदरा आहे? माझी सगळी तुलना पुढे याच एका गोष्टीभोवती फिरत गेली.

आधी कामाची बाजू. सुरुवातीच्या क्लासना लेव्हल ३० पर्यंत साधारण दर पाच लेव्हलला एक क्वेस्ट असते. तिशीला सोल क्रिस्टल नावाचा स्फटिक मिळतो, क्लासचा जॉब होतो, आणि तशीच शिडी पन्नासपर्यंत जाते. पुढे 'हेवन्सवर्ड' या एक्सपान्शनच्या, म्हणजे गेमच्या पुढच्या भागाच्या, (२०१५) क्वेस्ट साठपर्यंत आणि 'स्टॉर्मब्लड'च्या (२०१७) सत्तरपर्यंत. या क्वेस्टना आवाज नाही, सगळं वाचायचं. लेव्हल वाढवायला रोजची रूलेट (गेमने नेमून दिलेल्या मोहिमा) आहेत, 'पॅलेस ऑफ द डेड' आहे, आणि आपल्या सगळ्यात वरच्या जॉबपेक्षा खाली असलेल्या जॉबना जास्तीचा एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतो, त्यामुळे पहिल्या जॉबइतका घाम दुसऱ्याला गाळावा लागत नाही. टँक आणि हीलरना डंजन, म्हणजे चौघांनी मिळून लढायची मोहीम, पटकन मिळतं. डीपीएस, म्हणजे मारा करणारे, असाल तर क्यू लावून क्वेस्ट वाचत बसा.

या सोयीचा एक तोटा आहे. लेव्हल इतकी झरझर वाढते की क्वेस्ट साठत जातात. मग गुरू गंभीर चेहऱ्याने सांगतो की जा, जगात फिर, अनुभव घे, पिकलीस की परत ये. आणि आपण जागचं हलत नाही, कारण पुढच्या क्वेस्टची लेव्हल आपल्याकडे केव्हाचीच असते. गुरूच्या डोक्यावर लगेच पुढचं चिन्ह चमकतं आणि तो म्हणतो, वा, किती बदललीस! पाच क्वेस्ट अशा सलग उरकल्या की चांगल्यात चांगली गोष्टही फॉर्म भरल्यासारखी होते. म्हणून मी नियम केला की क्वेस्टची लेव्हल आली की थांबायचं, ती करायची, मध्ये मेन स्टोरीचं काहीतरी खेळायचं आणि मग पुढे जायचं. या गोष्टी श्वास घ्यायला जागा ठेवून लिहिल्या आहेत, आणि ती जागा दिली तरच त्या उलगडतात.

व्हाइट मेजपासूनच परत सुरुवात केली, कारण माझी बाजू मला तपासायची होती. आधीचा क्लास कॉन्जरर, गाव ग्रिडानिया, गुरू ए-सुमी-यान. हा पाडजाल आहे, म्हणजे डोक्यावर शिंगं असलेला, वय न दिसणारा. दिसतो पोरगा, बोलतो आजोबांसारखा. त्या गोष्टीत सिल्फी नावाची मुलगी आहे. ती लोकांना बरं करते, पण निसर्गाकडून शक्ती मागून नाही. स्वतःच्या आयुष्यातली ओतते. तिची आईही असंच करायची आणि त्यातच गेली. सिल्फीला शिकायचं नाही, कारण तिच्या मते शिकणं म्हणजे आईची देणगी टाकून देणं. तिला कुणीही वाईट म्हणत नाही. उलट लोक तिच्याकडे रांग लावतात, आणि खरी भीती त्या रांगेची आहे.

हीलर म्हणून खेळणाऱ्याला ही गोष्ट लगेच भिडते. डंजनमध्ये चौघांच्या एचपीच्या, म्हणजे आयुष्याच्या, पट्ट्या खाली जात असतात, आपली जादूची शक्ती, म्हणजे एमपी, संपत आलेली असते, आणि कुणाला आधी वाचवायचं हे ठरवायचं असतं. सिल्फी हा हिशोबच करत नाही, जो समोर येईल त्याला देते. ए-सुमी-यान तिला आणि आपल्याला शिकवतो ते एवढंच की देणाऱ्याने स्वतः शिल्लक राहायला हवं. पन्नाशीला व्हाइट मेजला बेनेडिक्शन मिळतं, एका झटक्यात समोरच्याचं सगळं आयुष्य भरून काढणारं. पहिल्यांदा शिकले होते तेव्हा ते मला फक्त एक मोठं बटण वाटलं होतं. या फेरीत ते दाबताना सिल्फी आठवली. ज्या गोष्टीतला पेच आणि हातातलं बटण एकाच प्रश्नाबद्दल बोलतात, ती गोष्ट जिंकते, हा माझा पहिला निष्कर्ष. पॅलाडिनच्या गोष्टीत शपथ आणि निष्ठा यांची चर्चा भरपूर आहे. पण साथीदारावरचे घाव स्वतःवर घेणारं कव्हर हे त्याचं कौशल्य त्या चर्चेत कुठेच कामाला येत नाही. म्हणून ती सभ्य आहे, आणि मला तरी सपक लागली.

व्हाइट मेजनंतर ब्लॅक मेज घेतला तो केवळ विरुद्ध टोक म्हणून. आधीचा थॉमटर्ज क्लास उलदात, पाच सारख्या दिसणाऱ्या बुटक्या भावांच्या गिल्डमध्ये. त्यांच्या नावांतही एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक. करमणूक चांगली आहे, पण त्यापेक्षा जास्त काही नाही. खरा धक्का जॉब मिळाल्यावर बसतो. ब्लॅक मॅजिक ही निषिद्ध विद्या, ती शिकवणारे उघड कुणी नाही, आणि जे तिघं भेटतात ते आहेत एक अमलजा, एक कोबोल्ड आणि एक इक्साल.

मेन स्टोरी खेळलेल्यांना या तीन नावांचा अर्थ सांगायला नको. इफ्रिटला बोलावतात ते अमलजा, टायटनला कोबोल्ड आणि गरुडाला इक्साल. पहिल्या भागातले तीन मोठे शत्रू आणि त्यांना पुजणाऱ्या या तीन टोळ्या. वेळापत्रक पाहा. इफ्रिटशी झुंज विशीला, टायटनशी पस्तिशीच्या आसपास, गरुडाशी चाळिशीत. ब्लॅक मेजच्या क्वेस्ट तिशी ते पन्नास. म्हणजे दुपारी मेन स्टोरीत मी कोबोल्डांच्या बोगद्यांमधून मुडदे पाडत जाते आणि संध्याकाळी एका कोबोल्डासमोर शिष्य म्हणून उभी राहते. तिघंही आपापल्या टोळीतून बाहेर पडलेले, आपल्याच माणसांना नकोसे झालेले, आणि व्हॉइडचं, म्हणजे राक्षसांच्या जगाचं, दार बंद करायचं म्हणून एकत्र आलेले. मेन स्टोरी त्यांच्या जमातींना फारसा चेहरा देत नाही. तो चेहरा या बाजूच्या गल्लीत दडलेला आहे. ज्याने ब्लॅक मेज घेतलाच नाही त्याला कळणारही नाही की असं काही इथे होतं.

स्कॉलर खेळताना हेच पुन्हा झालं. 'द वॉन्डरर्स पॅलेस' नावाच्या डंजनमध्ये कंदील आणि सुरी घेऊन संथपणे मागे येणारे टॉनबेरी असतात. तिथे त्यांना पाहून सगळे पळतात. स्कॉलरच्या गोष्टीत सुरितो कारितो नावाचा टॉनबेरी भेटतो आणि कळतं की हे एकेकाळी निम या शहराचे नागरिक होते, रोगाने त्यांचं असं झालं. त्यानंतर त्या डंजनमध्ये मी हीलर म्हणून गेले, तेव्हा बाकीचे तिघं नेहमीसारखे तोडत-फोडत पुढे गेले आणि मी मागे जरा रेंगाळले. चॅटमध्ये कुणीतरी "हीलर??" असं टाकलं. काय उत्तर देणार?

इथवर आल्यावर एक धागा हाताला लागला. ब्लॅक मेजांचं माख, व्हाइट मेजांचं आमदापोर आणि स्कॉलरांचं निम ही तिन्ही एकाच प्राचीन काळातली शहरं. 'वॉर ऑफ द मेजाय' झालं, जादूने जमिनीतली शक्ती उपसली गेली आणि शेवटी महापूर आला. म्हणून तर दोन्ही जादू निषिद्ध ठरल्या. २०१७ मध्ये आलेला रेड मेज याचंच शेपूट आहे. पूर चढत असताना दोन्ही बाजूंचे वाचलेले लोक डोंगरावर गेले आणि उरलेल्या दोन विद्यांमधून तिसरी जन्मली. क्ष्रुन तिया हा रेड मेज गुरू रुबाबदार आहे, त्याची शिष्या आर्याही चांगली उभी केली आहे (नाव ऐकून ती मला आल्याआल्याच ओळखीची वाटली). पण नुसती रेड मेजची गोष्ट वाचणाऱ्याला ती एक देखणी साहसकथा वाटेल. पांढरी आणि काळी बाजू आधी चालून आलेल्याला तिच्यात दोन भांडकुदळ घराण्यांचं नातवंड दिसतं. म्हणून माझ्या मते तिचा क्रम शेवटचाच हवा.

काही गोष्टींवर फार वेळ घालवणार नाही. प्युजिलिस्टचा, म्हणजे मुष्टियोद्ध्याचा, गुरू हॅमन हा सुटलेल्या पोटाचा माजी चॅम्पियन. तो आपल्याला कमी आणि स्वतःला जास्त शिकवतो, आणि मजा त्यातच आहे. मंकचा एरिक म्हणजे चक्रांवर प्रबंध लिहिणारा विक्षिप्त विद्वान, आपण त्याच्या प्रयोगाचा उंदीर. वॉरियरचा क्युरियस गॉर्ज पुढे स्टेप या गवताळ मैदानातल्या डोरगोनो नावाच्या लढवय्यीच्या प्रेमात पडतो आणि कुऱ्हाडीच्या सगळ्या गर्जनेची हवा निघते. मला ते आवडलं, आमच्या टँकला अजिबात नाही. रोग (इंग्रजी 'rogue', म्हणजे चोर) हा क्लास आणि त्यातून पुढे येणारा निंजा यांची जोडी विचित्र आहे. आधी लिम्साचे चोर, ज्यांचं काम समुद्री चाच्यांनी आपलाच कायदा मोडून केलेली लूट परत आणणं, आणि तिशीनंतर एकदम डोमा या दूरच्या देशाचे निर्वासित निंजा. मधला सांधा दिसतो, पण दोन्ही अर्धे आपापल्या जागी चांगले आहेत. मशिनिस्टमध्ये बंदूक सामान्य माणसाच्या हाती दिली तर उमरावांचं काय होईल हा खराखुरा राजकीय प्रश्न आहे, आणि इशगार्डची मेन स्टोरी चालू असताना तो वाचला तर जास्त चावतो. बार्डमधले गायडेलॉट आणि सॅन्सन हे एक बेफिकीर आणि एक शिस्तीचा अशी जोडी. त्यांची भांडणं ऐकायला मी पुन्हा जाईन.

ड्रॅगून, म्हणजे भालाईत, याच्याबद्दल मात्र क्रमाचा मुद्दा परत येतो. तिशी ते पन्नाशीच्या या गोष्टीत अल्बेरिक हा जुना ड्रॅगून गुरू आहे, आणि निदहॉग या ड्रॅगनचा डोळा घेऊन पळालेला एस्टिनियन प्रतिस्पर्धी. पन्नाशीला त्याच्याशी समोरासमोर लढायचं. एकटी गोष्ट म्हणून ती साधी आहे. पण 'हेवन्सवर्ड' सुरू झाल्यावर हाच एस्टिनियन तुमच्याबरोबर बर्फातून चालायला लागतो, आणि पुढे तो आणि तो डोळा मिळून काय होतं ते खेळलेल्या सगळ्यांना माहीत आहे. मी ड्रॅगूनची पन्नाशी 'हेवन्सवर्ड'ची मेन स्टोरी संपल्यावर खेळले, कारण माझा मुख्य जॉब हीलर होता. त्यामुळे मला गोष्ट उलटी मिळाली. शेवट माहीत असलेल्या माणसाचं तरुणपण पाहावं तशी. त्या तरुण, भांडखोर, कुणाचं न ऐकणाऱ्या एस्टिनियनला भाल्याने हरवताना मला राग येईना. आधी ड्रॅगून खेळून मग इशगार्डला गेलेल्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला की त्याला मेन स्टोरीत एस्टिनियनवर कितीतरी वेळ भरवसाच बसला नव्हता. एकच गोष्ट, दोन क्रम, दोन वेगळी माणसं. यातला कुठला बरोबर हे मी सांगणार नाही, पण ड्रॅगून शेवटी ठेवला तर तोटा नाही एवढं नक्की.

आता डार्क नाइट.

हा जॉब तिशीला सुरू होतो, पण तो घ्यायला इशगार्डच्या आत जावं लागतं, आणि इशगार्डचं दार उघडायला 'अ रेल्म रीबॉर्न'ची अख्खी मेन स्टोरी संपवावी लागते. हा तांत्रिक नियम वाटतो, पण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ती मेन स्टोरी ज्यांनी खेळली आहे त्यांना ठाऊक आहे की तिच्यात पराक्रमापेक्षा निरोप पोचवणंच जास्त आहे. टायटनशी लढायच्या आधी जुन्या वीरांना खूश करायला वाइन आण, चीज आण, मेजवानीची तयारी कर, ही पायपीट तर कुप्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०२० च्या पॅच ५.३ मध्ये या भागातल्या बऱ्याच क्वेस्ट छाटल्या गेल्या, तरी हमाली उरलीच. म्हणजे डार्क नाइटची तलवार हातात येते तेव्हा खेळणारा माणूस आधीच दमलेला असतो. नायिका दमली आहे की नाही हे मात्र तोवर कुणी विचारलेलं नसतं, कारण ती मान डोलावण्यापलीकडे फारसं काही बोलत नाही.

सुरुवात एका मृतदेहाने होते. इशगार्डमध्ये द्वंद्व हरलेला, गुन्हेगार ठरलेला एक डार्क नाइट. त्याचा सोल क्रिस्टल आपण हातात घेतो आणि तो माणूस उठून उभा राहतो. नाव फ्रे, तोंडावर मुखवटा. डार्क नाइट ढाल वापरत नाहीत, कारण ढाल म्हणजे कुणाची तरी चाकरी जाहीर करणारं चिन्ह. उमराव असो वा धर्मगुरू, दुबळ्याला छळणाऱ्याविरुद्ध ते फक्त तलवार घेऊन उभे राहतात. फ्रे शिकवायला लागतो. आपण नेहमीसारखी लोकांची कामं करत असतो आणि फ्रे बाजूला उभा राहून चिडत असतो. हे लोक तुझे कोण लागतात? स्वतः का उठत नाहीत? तू नसतीस तर काय केलं असतं यांनी?

पहिल्या दोन क्वेस्टमध्ये मला तो नुसता कडवट गुरू वाटला, कठोर पण मनाने चांगला, अशा साच्यातला. तिसऱ्यात काहीतरी खटकायला लागलं. त्याचा संताप फार नेमका होता. मी गेले कित्येक आठवडे कीबोर्डसमोर बसून जे पुटपुटत होते तेच हा बोलत होता. आणि मग लक्षात आलं की आसपासची माणसं माझ्याशी बोलतात, फ्रेशी कुणीच बोलत नाही. त्याच्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही.

पन्नाशीला उलगडा होतो. फ्रे नावाचा माणूस केव्हाचाच मेलेला आहे. त्या देहात बोलत होता तो आपलाच गिळलेला राग, आपलाच थकवा. त्याला निघून जायचं आहे, हे सगळं सोडून, कुठेही. शेवटची लढाई आपल्याच काळ्या रूपाशी होते. माझ्या नायिकेचा चेहरा, तिचीच केसांची ठेवण, समोर उभी. इतर जॉबची अंतिम लढाई कुठल्यातरी खलनायकाशी असते आणि तो मेला की हिशोब मिटतो. इथे समोरच्याची तक्रार खरी आहे आणि त्याला खोडायला आपल्याकडे मुद्दा नाही. जिंकल्यावरही ती तक्रार खोटी ठरत नाही. दोघांनी मिळून चालत राहायचं एवढंच ठरतं.

याच लेव्हलला डार्क नाइटला लिव्हिंग डेड मिळतं. एचपी संपलं तरी काही सेकंद मरण येत नाही, उभं राहून लढता येतं; मात्र तेवढ्या वेळात पुरेसं हीलिंग झालं नाही तर मग खरंच आडवं. हीलर म्हणून या कौशल्याला मी मनापासून शिव्या घातल्या आहेत, कारण टँकने ते वापरलं की धावपळ माझी होते. आता तेच माझ्या हातात होतं आणि पलीकडे कुणीतरी अनोळखी हीलर घाईघाईने काठी फिरवत होता. मेलेला देह केवळ हट्टाने उभा आहे, आणि तो टिकणं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. फ्रेची गोष्टही तीच. सिल्फीच्या बाबतीत मला जे दिसलं होतं ते इथे दुपटीने होतं.

ही गोष्ट नात्सुको इशिकावा यांनी लिहिली. पुढे 'शॅडोब्रिंगर्स' आणि 'एंडवॉकर' या एक्सपान्शनच्या मेन स्टोरीची सूत्रं त्यांच्याकडे आली, आणि डार्क नाइट खेळल्यावर त्यात नवल वाटत नाही. पन्नास ते साठच्या टप्प्यात सिदुर्गू आणि रिएल येतात. एक संतापी शिंगवाला योद्धा आणि त्याच्या आसऱ्याला आलेली लहान मुलगी, जिला स्वतःच्या आईपासूनच वाचवायचं आहे. हा भाग चांगला आहे, पण तो सिदुर्गूचा आहे, माझा नाही. साठ ते सत्तरमध्ये मिस्ट नावाचा मुलगा भेटतो आणि गोष्ट परत माझ्याकडे वळते. फ्रे रागातून उभा राहिला होता, मिस्ट अपराधी भावनेतून. आपल्या हातून जे मेले त्यांच्या आप्तांचं दुःख हलकं करायला तो मेलेल्यांची रूपं उभी करतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती आपल्यातूनच जाते. ऑनलाइन गेममध्ये आपण किती जणांना मारलं हे कुणी मोजत नाही. हा पोरगा मोजतो.

आमच्या टँकला मी मेसेज टाकला: "ठीक आहे, मान्य." त्याचं उत्तर आलं, "मिस्टपर्यंत पोचलीस वाटतं."

मान्य केलं खरं, पण तो जे म्हणत होता त्या कारणासाठी नाही. डार्क नाइटची गोष्ट सगळ्यात भारी आहे ती फक्त लेखणी चांगली म्हणून नव्हे. बाकीच्या सगळ्या गोष्टी असं धरून चालतात की मी आज सकाळी जन्मले आणि हा एकच जॉब शिकायला आले. या गोष्टीला माहीत आहे की मी आधी कुठेतरी होते, मेहनत केली, निरोप पोचवले, माणसं मारली. मी जितकी जास्त खेळले तितकी तिच्याकडे सामग्री जास्त. म्हणूनच ती पहिली खेळू नये. मेन स्टोरी धावत संपवून, कटसीन गाळून थेट फ्रेकडे गेलेला एक नवखा मला भेटला होता. त्याला ती बडबडी वाटली, आणि त्यात आश्चर्य नाही. फ्रेला चिडायला जे लागतं ते त्याच्या खात्यात जमाच नव्हतं.

सत्तरनंतर चित्र बदलतं. २०१९ च्या 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये जॉब सतरा झाले, आणि प्रत्येकाला वेगळी लांब गोष्ट देणं थांबलं. त्याऐवजी चार रोल क्वेस्ट आल्या: टँक, हीलर, शारीरिक डीपीएस आणि जादूचे डीपीएस. पॅलाडिन असा वा डार्क नाइट, टँकची गोष्ट एकच. यावर पुष्कळांनी नाकं मुरडली, आणि मीही आधी मुरडलं. शस्त्राशी असलेलं नातं तुटतं हे खरंच आहे. टँकच्या गोष्टीतल्या, होणाऱ्या बायकोच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेल्या ग्रॅन्सनला माझ्या हातात ढाल आहे की मोठी तलवार याच्याशी देणंघेणं नाही. हीलरच्या गोष्टीतली दारूबाज जिऑट झकास आहे, पण तिलाही माझी काठी दिसत नाही.

पण तुलना करायला बसलेल्या माणसासाठी याच क्वेस्ट मुद्दाम लिहिल्यासारख्या आहेत. चार शिकारी, चार सिन ईटर, आणि त्या चार राक्षसांचे देह म्हणजे आर्डबर्ट या दुसऱ्या जगातल्या वीराच्या चार साथीदारांचे. हेच लोक 'हेवन्सवर्ड'नंतरच्या भागात आपल्यासमोर शत्रू म्हणून उभे ठाकले होते. त्यांच्यातही एक टँक, एक हीलर, एक धनुर्धर, एक जादूगार. अगदी आपल्या पार्टीसारखी पार्टी. एकच रोल क्वेस्ट केली तर एका माणसाची शोकांतिका कळते. चारही केल्या, आणि मेन स्टोरीही संपवली, की सायेला नावाच्या पात्राची पाचवी गोष्ट उघडते आणि आधीच्या चारही वेगळ्या प्रकाशात दिसतात. जॉब क्वेस्टमध्ये सगळे जॉब खेळल्याचं बक्षीस मला स्वतः शोधावं लागलं, माख-आमदापोर-निमचे तुकडे जुळवून. इथे ते गेमने स्वतः हातात ठेवलं. बाकी ऐंशीला प्रत्येक जॉबला निरोपाची एकेक छोटी क्वेस्ट आहे. जुनी माणसं भेटतात, बरं वाटतं, त्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

रीपर आणि सेज (२०२१) तसंच व्हायपर आणि पिक्टोमान्सर (२०२४) यांना मी या तुलनेत धरलं नाही. ते सुरूच सत्तर आणि ऐंशीला होतात, त्यामुळे तिशीच्या नवख्यापासून वर चढत जाण्याची मुभा त्यांच्या गोष्टींना मिळतच नाही, आणि सिल्फीच्या शेजारी त्यांना उभं करणं अन्यायाचं ठरेल.

कुणाला हे करून पाहायचं असेल तर एक पैसाही घालायची गरज नाही. ऑक्टोबर २०२३ पासून फ्री ट्रायलमध्ये 'स्टॉर्मब्लड'सकट लेव्हल ७० पर्यंतचं सगळं मोफत आहे, म्हणजे वर सांगितलेल्या बहुतेक जॉब गोष्टी त्यात बसतात. मार्केट बोर्ड, म्हणजे खेळाडूंचा बाजार, वापरता येत नाही आणि तीन लाख गिलच्या (गेममधलं चलन) वर पैसे साठत नाहीत, पण गोष्टी वाचायला ते लागतंय कशाला? सुरुवात कॉन्जररने करा. तिशीला थॉमटर्जलाही ब्लॅक मेज करा आणि त्याच्या क्वेस्ट टायटन आणि गरुडाच्या मध्ये पेरा. इशगार्डला पोचलात की मशिनिस्ट लगेच घ्या, डार्क नाइट घ्या पण पन्नाशीची क्वेस्ट तुमचा कंटाळा शिगेला पोचेल त्या दिवसासाठी ठेवा. रेड मेज आणि ड्रॅगून सगळ्यात शेवटी.

क्राफ्टिंगवाल्यांच्या गोष्टी अजून बाकी आहेत. अल्केमिस्टचा गुरू सेव्हेरियन मेलेल्या प्रेयसीला परत आणायच्या मागे लागला आहे एवढं कळलंय, आणि आमचा टँक म्हणतो की ती डार्क नाइटला टक्कर देते. मी अजून खेळले नाही, त्यामुळे सध्या त्याच्याशी भांडता येत नाही.